लेकीचा व्हिडिओ आणि माझी क्षमावणी



हा अनुभव २०२४ च्या दशलक्षण पर्वातला. तुमच्यासमोर ठेवायला उशीर झाला, कारण तो माझ्या एकटीचा नाही, माझ्या लेकीचाही आहे. तिला आधी वाचायला दिला. तिने दोन ओळी काढायला लावल्या, एका जागी "आई, असं नव्हतं झालं" म्हणून दुरुस्ती केली आणि मग "टाक आता" म्हणाली.

सुगंध दशमीची संध्याकाळ होती. पर्वाचा सहावा दिवस, उत्तम संयमाचा. माझं एकाशन होतं. मंदिरात धूप खेवून, आरती करून घरी आले. पदराला धुपाचा वास होता आणि मन अगदी शांत होतं. सासूबाईंना पाणी दिलं आणि मोबाइल हातात घेतला. नात्यातल्या एका बाईंचा मेसेज होता. खाली एक व्हिडिओ आणि वर एवढंच, "ही तुमचीच ना?"

माझीच होती. झेड ब्रिजच्या खालचा, नदीपात्रातला रस्ता. मागे पुलाचे खांब, बाजूला चार-पाच मुलं-मुली टाळ्या वाजवत उभी. मध्ये माझी एकोणीस वर्षांची लेक. ढगळ पॅंट, डोक्याला काळी टोपी. ती पायांनी भरभर काही तरी करत खाली बसली, हातांवर गोल फिरली आणि एकदम डोकं जमिनीला टेकवून, पाय हवेत तिरके करून थांबली. मुलं ओरडली. मागे रॅप गाणं चालू होतं आणि नेमक्या त्याच क्षणी त्या गाण्यात एक शिवी आली. आपल्या घरात कधीही उच्चारली न गेलेली शिवी.

ती आठ वाजता घरी आली. पुढे काय झालं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण त्यासाठीच हा लेख आहे. मी म्हणाले, "देवाच्या दिवसांत रस्त्यावर लोळताना लाज नाही वाटली?" ती म्हणाली, "आई, हा व्हिडिओ जुलैमधला आहे. पर्वात मी प्रॅक्टिसलासुद्धा गेले नाहीये." ते मी ऐकलं, पण मनात शिरू दिलं नाही. नात्यातल्या बाई काय म्हणतील, त्यांनी आणखी कुणाकुणाला पाठवला असेल, हेच डोक्यात. आणि माझ्या तोंडून गेलं, "असली थेरं करायची असतील तर उद्यापासून देवळात पाय ठेवू नकोस."

ती काही बोलली नाही. खोलीत गेली. दार आपटलंही नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेकाला निघताना मी हाक मारली, "चल गं." ती म्हणाली, "तू नको म्हणालीस ना." सूर उद्धट नव्हता, साधाच होता. मला वाटलं, रुसली आहे, उद्या येईल. ती उरलेले चारही दिवस आली नाही.

आता माझी बाजू. मला नाच आवडत नाही असं अजिबात नाही. १९९४ मध्ये मी सांगलीजवळच्या आमच्या गावात दहावीला होते. त्या वर्षी प्रभुदेवाचं 'मुकाबला' आलं. ए. आर. रहमानचं संगीत, आणि हाडं नसल्यासारखा वळणारा तो माणूस. माझ्या भावाने त्याचं पोस्टर कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं होतं, कारण बाहेर लावलं तर अण्णा फाडतील. अण्णा बाजारला गेले की भाऊ परड्यात नाचायचा आणि मी दारात उभी राहून, कुणी येतंय का ते बघायचे. माझं काम तेवढंच. मला नाचावंसं वाटत नव्हतं का? वाटत होतं. पण मी पाहाऱ्याला होते.

आणि अगदी अलीकडचं सांगते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमच्या महिला मंडळाचा वर्धापनदिन झाला. तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड या तरुणाचं 'गुलाबी साडी' जिथे तिथे वाजत होतं. स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं मराठी गाणं, आणि देशभरच्या बायका त्यावर रील करत होत्या. आम्ही अकरा जणी गुलाबी साड्या नेसून स्टेजवर नाचलो. मी दुसऱ्या ओळीत होते. व्हिडिओ काढला, सगळ्या ग्रुपवर फिरवला. ज्या बाईंनी मला "ही तुमचीच ना?" विचारलं, त्यांनीही तो पाहून अंगठा दाखवला होता. माझी लेक त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून शिट्ट्या वाजवत होती.

म्हणजे आपण सगळ्या नाचलो तर ते स्नेहसंमेलन. पोरगी नाचली तर ते लोळणं. शीर्षासनाच्या शिबिरात तिने डोकं खाली, पाय वर केले असते तर मीच फोटो काढून तुम्हाला पाठवला असता. हे मला कळत होतं. पण ती शिवी? तिचं काय करायचं? त्या शिवीपाशी माझं मन पुन्हा पुन्हा अडत होतं. मी स्वतःला सांगत होते की माझा राग नाचाचा नाही, शब्दांचा आहे.

शब्दांचा राग आहे ना, मग आधी ऐकून तरी घ्यावं, असं ठरवलं. मुलं काय ऐकतात ते. दुपारी तांदूळ निवडत बसले आणि कानात तिचाच इअरफोन घातला. पुण्याचा म्हणून एमसी स्टॅनपासून सुरुवात केली. याचं खरं नाव अल्ताफ. १९९९ चा जन्म, पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला. लहानपणी कव्वाली गायचा, मग हाच जमिनीवरचा नाच करायचा आणि मग रॅपकडे वळला. २०२० मध्ये त्याचा अल्बम आला, नाव 'तडीपार'. हा शब्द आपण रोज सकाळी चहाबरोबर पुण्याच्या पेपरात वाचतो आणि पान उलटतो. या पोराने त्याचं शीर्षक केलं. २०२३ च्या फेब्रुवारीत तो 'बिग बॉस' जिंकला, तेव्हा कुठे आमच्या सोसायटीतल्या मोठ्या माणसांना त्याचं नाव कळलं.

खरं सांगू? काही गाणी मी पुरी ऐकू शकले नाही. शिव्या आहेत, बायकांविषयीचे काही शब्द तर मला सहनच झाले नाहीत. ते चांगले आहेत असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या शब्दांमध्ये मधूनमधून एक गल्ली दिसत होती, आई-वडिलांचे कष्ट दिसत होते, कुणी आपल्याला माणसात धरत नाही याचा राग दिसत होता. मी पुण्यात पंचवीस वर्षं राहते. स्टेशनला जाता-येता त्या रस्त्याच्या तोंडावरून शेकडो वेळा गेले असेन. आत काय आहे हे मला पहिल्यांदा कुणी तरी ओरडून सांगत होतं. ओरडण्याची भाषा वाईट होती, एवढं खरं.

मग अनंत चतुर्दशी आली. १७ सप्टेंबर.

पुण्यात राहणाऱ्या आपल्या बायकांना हा दिवस कसा असतो ते वेगळं सांगायला नको. आपल्या पर्वाचा शेवटचा दिवस, ब्रह्मचर्य धर्माचा, निर्जळी उपवासाचा, आणि नेमका त्याच दिवशी शहरात विसर्जन. मंदिरात आपण अनंतनाथ भगवंतांची पूजा करत असतो आणि भिंतीपलीकडून ढोल-ताशा येत असतो. आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत आहे. सकाळी मंडईतून मानाचे गणपती निघाले की जो आवाज सुरू होतो, तो दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबत नाही. रात्री स्पीकरच्या भिंती लागतात, 'झिंगाट' लागतं. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हापासून अजय-अतुलच्या त्या गाण्याशिवाय मी एकही मिरवणूक ऐकलेली नाही. खिडकीच्या काचा थरथरतात आणि उपवासाचं डोकं ठणकतं.

त्या दुपारी मंदिरातून आले तर सासूबाई गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू कमी येतं, म्हणून मिरवणुकीचा त्यांना त्रास नाही, उलट थोडी सोबतच. गल्लीतून एक ढोल पथक मिरवणुकीकडे चाललं होतं. नऊवारी नेसलेल्या, कमरेला ढोल बांधलेल्या पोरी. आपण सगळ्या त्यांचं किती कौतुक करतो! सासूबाई एकदम म्हणाल्या, "पोरगी बस्तीला का येईना?"

मी काही तरी सांगितलं. अभ्यास वगैरे. त्या म्हणाल्या, "मला दाखविलाय तिनं तो व्हिडिओ. जुलैतच दाखविला. भगवानदादासारखं काही तरी करते."

मला हसू आलं. म्हटलं, "आई, भगवानदादा कुठे आणि हे कुठे."

तर त्यांनी मला सगळं ऐकवलं. लहानपणी गावात तंबूतला सिनेमा यायचा, त्यात 'अलबेला' पाहिला होता. चित्रपट १९५१ चा, संगीत सी. रामचंद्रांचं, नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा पालव. गिरणी कामगाराच्या घरातला जाडजूड मराठी माणूस, दिसायला नायकासारखा मुळीच नाही. गुडघे किंचित वाकवायचे, हात वर धरून सैल सोडायचे आणि जागच्या जागी झुलायचं. त्याला मोठी जागा लागत नाही, गुरू लागत नाही, पैसा लागत नाही. म्हणून तो नाच पडद्यावरून थेट वरातीत आणि मिरवणुकीत उतरला. पुढे मोठमोठ्या नटांनी उचलला. आजही आपल्या लग्नात आपले भाऊ, काका, मामा बँडसमोर जे करतात ते मूळ तेच. सासूबाईंनी काठी मांडीवर ठेवली आणि बसल्या बसल्या हात वर करून दाखवलं. मग म्हणाल्या, "आमच्या येळंला वरातीत पोरं अशी नाचायची. बायका खिडकीतनं बघायच्या. एवढाच काय तो फरक."

मला परड्याच्या दारात पाहाऱ्याला उभी असलेली मी आठवले.

त्या म्हणाल्या, "आज तिचा उपास हाय, ठाऊक हाय ना तुला?"

मला माहीत नव्हतं. मी पहाटे मंदिरात गेले होते. ती घरीच आंघोळ करून, कोनाड्यातल्या जिनमूर्तीच्या फोटोसमोर बसून णमोकाराची माळ फिरवत होती. निर्जळी. दरवर्षी आम्ही दोघी मिळून हा उपवास करतो. या वर्षी तिने एकटीने केला, माझ्याच घरात, मला न सांगता.

दुसऱ्या दिवशी पारणं झालं आणि क्षमावणी आली. सकाळपासून माझा मोबाइल थांबेना. हात जोडलेल्या चित्रांवर "उत्तम क्षमा", श्वेतांबर शेजारणींचे "मिच्छामि दुक्कडं" आधीच येऊन गेले होते. मीही दरवर्षीप्रमाणे एक मजकूर लिहिला, "मन, वचन, कायेने कळत-नकळत आपले मन दुखावले असेल तर" आणि एका बोटाने दोनशे जणांना पाठवला. ज्या बाईंनी व्हिडिओ पाठवला त्यांनाही गेला. बाजूच्या खोलीत बसलेल्या मुलीला गेला नाही. तिचं नाव त्या यादीतच नव्हतं.

मंदिरातल्या क्षमावणीच्या कार्यक्रमात पाठशाळेत शिकवणाऱ्या काकू भेटल्या. यांच्याकडे माझी लेक सहा वर्षांची असल्यापासून गेली आहे. त्यांनी विचारलं, "आमची विद्यार्थिनी कुठे?" मला तिथे खोटं बोलवेना. सांगितलं सगळं. आणि माझी बाजू भक्कम करायला म्हणून वर म्हणाले, "काकू, शेवटी नीलांजनेची कथा आपण कशासाठी सांगतो?"

तुम्हाला माहीतच आहे. ऋषभदेवांच्या दरबारात इंद्राने नीलांजना अप्सरेला नाचायला पाठवलं. नाचता नाचता तिचं आयुष्य संपलं. इंद्राने क्षणात तिच्या जागी तशीच दुसरी उभी केली. दरबारात कुणाच्या लक्षात आलं नाही, पण भगवंतांच्या आलं आणि त्यांना वैराग्य झालं.

काकू म्हणाल्या, "कथेत दोष नाचाचा आहे असं कुठे आहे? दरबारात सगळे नाच बघत होते. भगवंतांनी नाचणारी बघितली. ती गेली हे फक्त त्यांना कळलं. तू नाच बघितलास की नाचणारी?"

आणि पुढे त्यांनी आठवण करून दिली, ती आपण पाठशाळेत शिकलो आणि विसरलो. आदिपुराणात ऋषभदेव स्वतः मुलांना विद्या शिकवतात. ब्राह्मीला लिपी, सुंदरीला अंक, हे आपण नेहमी सांगतो. पण भरताला अर्थशास्त्राबरोबर नृत्यशास्त्र आणि वृषभसेनाला गायन-वादन शिकवलं, हेही तिथेच आहे. आणि भगवंतांचा जन्म झाला तेव्हा स्वतः इंद्र नाचला. पंचकल्याणकात जन्मकल्याणकाच्या दिवशी आपण सगळ्या नाचतो ते काय उगाच?

मी म्हटलं, "पण काकू, त्या गाण्यातले शब्द."

त्या म्हणाल्या, "शब्द वाईट असतील तर शब्द सोडायला सांग. आपण इतकी वर्षं दुसरं काय करतो? मंडळातली निम्मी भजनं कुठल्या चालीवर आहेत?" खरंच आहे. आम्ही सिनेमाच्या चालींवर भगवंतांची भजनं गातो. चाल राहते, शब्द आपले घालतो. आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, "शब्दांचंच बोलायचं तर तुझेही आठव."

घरी येईपर्यंत मी तेच आठवत होते. हित, मित आणि प्रिय बोलावं, हे मी कितीदा लिहिलं आहे इथे. त्या गाण्यातली शिवी एका अनोळखी मुलाने अनोळखी जगाला दिलेली होती. माझं वाक्य मी माझ्या पोटच्या मुलीला, तिच्या नावाने, तिच्या तोंडावर म्हटलं होतं. देवाचं दार बंद करायचा अधिकार मला कुणी दिला? आणि तिने ते खरं मानलं, कारण ते आईने सांगितलं होतं.

तिच्या खोलीत गेले. मोबाइल बाहेर ठेवून गेले. म्हटलं, "मी तुला जे बोलले ते चुकलं. व्हिडिओ बघून बोलले, तुला न विचारता बोलले, आणि लोकांना घाबरून बोलले. मला क्षमा कर."

मला वाटलं होतं ती गळ्यात पडेल. तसं झालं नाही. ती म्हणाली, "आई, मला थोडा वेळ लागेल." मी म्हटलं, बरं. क्षमा मागणं आपल्या हातात, मिळणं नाही. हे मी दरवर्षी ऐकते. या वेळी पहिल्यांदा अंगावर घेतलं. (इथे तिची दुरुस्ती होती. मी आधी लिहिलं होतं की ती रडली. ती म्हणते, "मी नाही, तू रडलीस.")

चार दिवसांनी रविवारी ती स्वतःच म्हणाली, "बघायला येतेस?"

तिच्या मैत्रिणीच्या सोसायटीचं बेसमेंट पार्किंग. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत पुठ्ठे आणि जुनी सतरंजी. सात मुलं, त्यात तीन मुली. मी स्टुलावर बसले. अडीच तास ती एकच गोष्ट करत होती. हातावर भार, पाय आत, पाय बाहेर, पडली, पुन्हा. मोजून सहा पावलं आणि शेवटी ते थांबणं. त्याला ते 'फ्रीज' म्हणतात. मी गुडघे पाहिले, काळेनिळे. तळहाताला घट्टे. मी याची कायोत्सर्गाशी तुलना करणार नाही, ती बरोबर होणार नाही. पण शरीराला न चिडता पुन्हा पुन्हा जागेवर आणणं काय असतं, हे सामायिकाला बसणाऱ्या बाईला ओळखू येतं. सुगंध दशमीला मी जो धर्म मंदिरात ऐकून आले होते, त्याची थोडीशी सवय या पोरीला माझ्याआधी लागली होती.

मधल्या सुट्टीत तिने मला या नाचाची जन्मकथा सांगितली. न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ ला एका मुलीने, सिंडी कॅम्पबेलने, शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून आपल्या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये तिकीट लावून पार्टी ठेवली. तिकडचे पंचवीस-पन्नास पैसेच म्हणा ना. गाणी लावायला तिचा भाऊ, पुढे डीजे कूल हर्क म्हणून प्रसिद्ध झालेला. त्याच्या लक्षात आलं होतं की गाण्यात गाणारा थांबतो आणि नुसता ढोल वाजतो, त्या तेवढ्या तुकड्याला मुलं सगळ्यात जास्त नाचतात. त्या तुकड्याला म्हणतात 'ब्रेक'. मग तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. त्या तुकड्यावर नाचणारे ते बी-बॉय आणि बी-गर्ल.

मी तिला परत विचारलं, "म्हणजे शब्द नसतात तिथे नाचायचं?"

"हो आई. मूळ नाच तिथलाच. शब्द नंतर आले."

मैत्रिणींनो, दहा दिवस मी ज्या एका शब्दावर अडून बसले होते, त्या शब्दाचा आणि या नाचाचा मुळात संबंधच नव्हता. गाणारा गप्प होतो तिथे हा नाच सुरू होतो. हे मला पहिल्या दिवशी विचारता आलं असतं.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच ऑगस्टमध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये हा नाच पहिल्यांदा खेळ म्हणून घेतला होता. त्यात मनीझा तलाश नावाची मुलगी निर्वासितांच्या संघातून उतरली. काबूलची. तिथे तालिबान आल्यावर तिला देश सोडून स्पेनला जावं लागलं. तिने नाचताना पाठीवर एक कापड उघडलं, त्यावर अफगाण स्त्रियांना मुक्त करा असं लिहिलं होतं. स्पर्धेत राजकीय घोषणेला परवानगी नाही, म्हणून तिला बाद केलं. माझी लेक हे सांगून थांबली. मग म्हणाली, "तिला नाचू नको म्हणणारे बंदूकवाले होते. मला कोण म्हणतंय? व्हॉट्सॲपवरच्या मावशी." आम्ही दोघीही हसलो. त्या दिवसांतलं पहिलं हसू.

आता आमच्यात काय ठरलं ते सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकींच्या घरी हा प्रश्न आहे हे मला मेसेजवरून कळतं.

व्हिडिओ काढायचा असेल तर गाणं आधी पूर्ण ऐकायचं. ज्या ओळी आजीसमोर म्हणता येणार नाहीत, त्या ओळींवर आपलं शरीर हलवायचं नाही. हे तिनेच सुचवलं. नुसत्या तालाचे तुकडे मिळतात, ते वापरायचे. पर्वाचे दहा दिवस व्हिडिओ टाकायचा नाही, जुनाही नाही. हेही ती आधीपासून पाळत होती, मीच विचारलं नव्हतं. नदीपात्रात शूटिंगला जाताना धरणातून पाणी सोडलंय का ते बघायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. ही माझी अट, आणि ती धर्माची नाही, आईची आहे.

माझ्यासाठीही तीन नियम आहेत. मला न कळणारं गाणं कानावर पडलं तर आधी विचारायचं, मग बोलायचं. दुसऱ्यांच्या मुलांचा व्हिडिओ "ही तुमचीच ना?" म्हणून कुणालाही पाठवायचा नाही. आणि देवाचं नाव घेऊन धमकी द्यायची नाही. राग माझा असेल तर माझ्या नावाने करायचा.

त्या बाईंना मी फोन केला. क्षमावणीचा मजकूर आधीच गेला होता, तरी केला. म्हटलं, "हो, ती माझीच. चार महिने झाले शिकते आहे, चांगली करते." पलीकडे जरा शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "अगं, माझी नात पण मागे लागलीय. क्लास कुठे आहे?"

पुढच्या रविवारी लेक अभिषेकाला आली. मी बोलावलं नव्हतं, तीच तयार होऊन दारात उभी होती. मंदिरात काकूंनी तिला पाहिलं, काही विचारलं नाही, हातात कलश दिला. ती पायऱ्या चढत होती तेव्हा माझी नजर तिच्या तळहातावरच्या घट्ट्यांवर गेली. कलश तिने दोन्ही हातांनी अगदी स्थिर धरला होता.

क्षमा केलीस का, असं मी अजून विचारलेलं नाही. ती रोज संध्याकाळी प्रॅक्टिसहून आली की सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून मी पाऊण तास आधी भाकरी टाकते. ती ओट्याशी उभी राहून खाते आणि दिवसभराचं सांगते. मी ऐकते.

माझ्याकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. यातली एखादी घरातच, बाजूच्या खोलीत बसलेली असेल, तर तिच्याकडे आज जाऊन या.

जय जिनेंद्र.